तेलाविना अर्धा तास

माघातली दुपार कलत होती. माळावरचं गवत सोनसळी, वारा कोरडा. आणि त्या विजन विस्तारात एकाकी उभं चाचणीगृह, मौनव्रत धरल्यासारखं.

जाड काचेपलीकडे महाकाय हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स फिरत होता. चक्रात चक्र, दात्यात दाता. तेलस्नात, तेजोमय, अखंड गुणगुणणारा. काचेअलीकडे अन्वय केळुसकर उभा होता. त्या दात्यांची वक्र रेषा न् रेषा त्याने रेखली होती.

तिथली रीत कठोर होती. ज्याचं रेखाटन, त्याच्याच हाताने तेल तोडायचं. उडताना तेल गळालं तरी उतरेपर्यंत टिकावा म्हणून तेलाविना अर्धा तास जो फिरेल, तोच आकाशाला द्यायचा. अन्वयचे आधीचे दोन अर्ध्या वाटेतच जळाले होते. हा तिसरा. टिकला, तर याच रेखाटनाचा नवा गिअरबॉक्स हिमशिखरांवर रसद नेणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, इरावतीच्या, हेलिकॉप्टरात बसणार होता.

काल फोनवर तिने थट्टा केली होती, "तुझ्या डब्याला बजावून ठेव, ताईला मध्येच सोडायचं नाही."

त्याने तेलाचा नळ बंद केला.

गुणगुण आधी सुकली. मग खरखरली. मग त्या मंद्र नादातून एक बारीक, तीक्ष्ण, दीर्घ आक्रोश उठला. तृषार्त पोलादाचा आक्रोश.

चाचणीप्रमुख सबनीस मॅडम हलकेच म्हणाल्या, "अन्वय, नळ उघडायचा तर आत्ताच. दाते वाचतील. सुधारून पुन्हा बघू."

त्याचा हात नळावर गेला. काचेपलीकडे त्याची दोन वर्षं जळत होती. आणि त्याही पलीकडे, धुक्याने भरलेल्या दरीवर, दोन कड्यांच्या मधोमध, एकटी ताई.

"तिच्यापाशी वर हा नळ नसेल, मॅडम."

त्याने हात मागे घेतला. मॅडमनी एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला नाही.

आक्रोश चढत गेला, चढत गेला. अर्ध्या तासाची घंटा झाली, तेव्हाही चक्रं फिरत होती.

सांजावताना गिअरबॉक्स उघडला. दाते झिजले होते, करपले होते, मोडला मात्र एकही नव्हता. दग्ध पोलादावर रंग उमटले होते: गवती पिवळा, जांभळा, आणि मोरकंठी निळा. तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा अन्वयने त्या ऊन कवचावर तळहात ठेवला.

"नाही सोडलंस," तो पुटपुटला.

बाहेर माळ विझत होता. क्षितिजावर तोच निळा उतरत होता. निःशब्द, गहिरा, घरी परतणाऱ्या पंखांसाठी अंथरलेला.