दुखवट्याची पाळी

आमच्या गावच्या ओल्या कुरणाचं नाव निघालं की आम्ही छाती फुगवून सांगत सुटतो. देवणीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात एक झरा आहे. कोण्या जुन्या माणसांनी त्याचं पाणी दगडी पाटातून उताराच्या कडेकडेनं आडवं नेलं आणि पाटाला जागोजाग दारं ठेवली. दार मोकळं केलं की पाणी गवतातून पातळ पसरत खाली उतरतं, गवत भिजवतं आणि उरलेलं खालच्या ज्वारीला जातं. फाल्गुनात सगळा मुलूख भाजून निघाला तरी आमच्या उतारावर मारवेल गवत हिरवंगार असतं. बाजारात आमचा खोंड उभा राहिला तर गिऱ्हाईक दात बघायच्या आधी गाव विचारतं. असो. ही शेखी इथंच पुरे, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात शेखी मिरवण्यासारखं काही नाही.

पाण्याचे आमचे कायदे कोणी लिहिलेले नाहीत, पण मोडायची कोणाची टाप नाही. दसरा झाला की घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला येतो. दिवाळीनंतर पाळ्या सुरू होतात. पहिली पाळी सगळ्यांत मोलाची, कारण तेव्हा झऱ्याला जोर असतो. ती ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घराला द्यायची. त्या घरानं गाळ काढायलाही यायचं नाही, बाकीच्यांनी त्यांचा वाटा उचलायचा. आम्ही तिला दुखवट्याची पाळी म्हणतो. मल्लिकार्जुनअप्पा पाळ्या लावतात, म्हणजे त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणायचे, "रडत्या घराला पान्यासाठी भांडता येत न्हाई, म्हून न मागता द्यावं."

किल्लारीकडं धरणी हलली त्या वर्षी ही पाळी आप्पासाहेबाला मिळाली. त्याची थोरली बहीण सिद्धम्मा तिकडच्याच एका गावात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा आप्पासाहेबाला तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. तिला मूलबाळ नव्हतं, नवराही मागं वारला होता, म्हणून तिचा दुखवटा भावाच्याच घरी धरला. एक गाय आणि दोन खोल्यांचं दगडमातीचं घर, एवढाच तिचा संसार. अलीकडं भावाचं तिच्याकडं जाणंयेणं कमी झालं होतं. त्याला कारण त्याची मुलगी ऋतुजा, म्हणजे खरं तर ऋतुजाचं शिक्षण. लातूरला तेव्हा शिकवण्यांचं नुकतंच पेव फुटलं होतं. पोरगी डॉक्टर होणार या एका वेडानं आप्पासाहेब लातूरच्या वाऱ्या करायचा, आणि सणवार त्यातच वाहून जायचे.

भूकंपानं ऋतुजाच्या लातूरच्या खोलीची भिंत उभी चिरली. पोरगी घाबरून घरी आली. चार दिवसांनी आप्पासाहेब निघाला तो "अक्काला हुडकायला जातो" असं सांगून. अख्खं गाव फाट्यापर्यंत गेलं होतं. कोणी भाकरी बांधून दिल्या, कोणी टॉर्च दिली. ऋतुजा बरोबर होती, तिची वळकटीही होती. वाटेत तिला सोडतो, म्हणाला. त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

पुढचं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, लपवून ठेवावी अशी ही गंमत नाही. लातुरात त्या दिवसांत जो तो पत्र्याच्या खोलीसाठी धावत होता, स्लॅबखाली कोणी झोपेना. शिकवणी सोमवारपासून पुन्हा सुरू होणार होती. आप्पासाहेब दिवसभर गल्ल्या धुंडाळत राहिला आणि संध्याकाळी एकदाची खोली मिळाली. स्टँडवर त्याला तिकडून आलेला एक माणूस भेटला. त्यानं सिद्धम्माच्या गल्लीचं नाव ऐकून नुसती मान हलवली, "मातीखाली गेली समदी." आप्पासाहेब तिथंच फरशीवर बसून रडला. खोटं नव्हे, खरंच रडला. आणि मग आमच्याकडं येणाऱ्या गाडीत बसला.

गावात आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बघून आलो." काय बघितलं, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. सिद्धम्मा या गावची लेक, पण आम्ही तिच्या नावानं विधीसाठी जंगमाला बोलावलं, जेवलो आणि मोकळे झालो.

त्याच्या वाट्याचा गाळ आम्ही काढला. दिवाळी कशीबशी पार पडली. पाळीच्या पहिल्या दिवशी मल्लिकार्जुनअप्पांनी स्वतः त्याच्या हातात फावडं दिलं. "घे आप्पा, अक्काच्या नावानं सोड." भूकंपानंतर झऱ्याला पाणी वाढलं होतं. दार फोडल्याबरोबर ते असं धावलं की वरचं सगळं गवत लवलं. आप्पासाहेबाचे डोळे भरले. आम्हालाही बरं वाटलं, दुसऱ्याच्या दुःखात आपण कसं चांगलं वागतो याचं जरा जास्तच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दहाएक जण पाटावर होतो. खाली खाजाची जीप थांबली. हा खाजा देवणी फाट्यावरून गावोगाव सवाऱ्या सोडतो. जीपमधून एक बाई उतरली, काखेत कुबडी. आमच्या नरसिंगची नजर आधी गेली. त्याचा नुसता हात वर झाला.

सिद्धम्माच होती.

ऋतुजा सुट्टीला आलेली होती, ती ओल्या गवतातून घसरत धावली. आप्पासाहेब घोटाभर पाण्यात होता तिथंच राहिला. आत्याच्या दंडाला धरून भाची तिला वर घेऊन आली.

"असं काय बघून राह्यले रं समदे?" सिद्धम्मा हसली. "सोलापूरच्या दवाखान्यात हुते. मिलिटरीच्या पोरांनी मातीतून काढलं. पाय मोडलाय, बाकी धड हाय."

मग तिची नजर पाटाकडं गेली. मोकळं दार, भावाच्या हातातलं फावडं, भिजलेलं भावाचं कुरण. ती याच गावची, पाळ्या तिला पाठ. तिचा चेहरा एकदम उतरला.

"आप्पा," ती कुबडीवर रेलून म्हणाली, "आपल्या घरात कोण गेलं रं? केवळा बरी हाय नव्हं?"

केवळाबाई म्हणजे तिची भावजय. ती घरी चुलीपाशी धडधाकट होती. मी खाली चिखलाकडं बघत होतो, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. सिद्धम्मानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि हळूहळू तिला उमगलं.

"माजी पाळी व्हय?" ती म्हणाली. "आगं बया!" आणि खरंच हसली.

नरसिंगला वाटलं आता सावरून घ्यावं. "अक्का, आप्पानं लई हुडकलं तुला. ढीगच्या ढीग उपसले." हे आप्पासाहेब कधीच बोलला नव्हता, आमच्या गावानंच वाढवत वाढवत तिथवर नेलं होतं.

सिद्धम्माचा चेहरा असा उजळला की बघवेना. "हाव? घरापतुर आलतास? मला वाटलं तुला गाडी घावली नसंल. माज्या गायीचं काई दिसलं का रं?"

आप्पासाहेबाला तेव्हा खरं बोलता आलं असतं. आम्ही सगळे ऐकत होतो, हेच त्याला नडलं. "न्हाई दिसली," तो म्हणाला. "भिंती समद्या पडल्यात्या. दारातला लिंब तेवढा हुबा हुता."

सिद्धम्मानं भावाच्या डोळ्यांत बघितलं. किंचितच. मग आमच्याकडं वळून तिनं मोठ्यानं सांगितलं, "हाव, लई जुना लिंब हाय आमच्या दारात. भूकंपाला बी हलला न्हाई."

आम्ही माना डोलावल्या. ऋतुजा मात्र आत्याकडं राहून आलेली पोर होती. आत्याच्या दारात कसलंच झाड नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं ओढणीत तोंड लपवलं आणि हुंदका दिला. तो ऐकून आप्पासाहेबाच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"अक्का, नको गं," तो म्हणाला. "माज्यासाठी खोटं बोलू नको. मी आलोच न्हाई. लातुरात पोरीला खोली बघत हिंडलो आन् तिथूनच माघारी फिरलो. स्टँडवरल्या मानसाचं ऐकून तुला मेली म्हनून सांगितलं."

रागानं तिनं कुबडी फेकली असती, शिव्या घातल्या असत्या, तर आम्हा सगळ्यांना सोपं गेलं असतं. ती शांतपणे बोलली.

"दवाखान्यात रोज कुना ना कुनाचा भाऊ यायचा. खाटंखाटंवर वाकून तोंडं बघायचा. मला थंडी लई वाजायची, पर मी तोंडावरनं पांघरून घेतलं न्हाई. म्हनलं, माजा आप्पा आला तर त्याला वळखाया सोपं जावं."

आप्पासाहेब तिच्या पायाशी बसला. मल्लिकार्जुनअप्पा, सत्तरीचा माणूस, उपरणं तोंडात धरून पाठमोरे झाले. मग आम्हाला सगळ्यांना एकदम कंठ फुटला. अक्का, आमच्या घरी चल. अक्का, तुला खोली देतो. अक्का, गाय देतो. आमची आम्हालाच शिसारी आली, इतकं ते उशिराचं होतं.

"मला पत्र्याचं शेड मिळालंय," ती म्हणाली. "तिथं माजी मानसं हायती. जी उरली ती."

"घरी चल अक्का," आप्पासाहेब खाली मान घालूनच म्हणाला. "तुज्या पाया पडतो. केवळा वाट बघंल."

"मुऱ्हाळी आल्याबगर माहेरी कशी येऊ रं?" सिद्धम्मा म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता. भाऊ न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी राहू नये, ही रीत तिनं साधेपणानं सांगितली. ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवून तिनं "अभ्यास कर" म्हटलं आणि कुबडी टेकत उतरू लागली.

खाजानं जीप सुरू केली. आप्पासाहेब उठला. अंगरखा चिखलानं माखलेला, पाय उघडे. दाराकडं, पाण्याकडं, आमच्याकडं, कशाकडंच न बघता तो उतार उतरला आणि जीपच्या मागोमाग रस्त्यानं चालू लागला. जीप वळणाआड गेली तरी तो चालतच होता. अक्काचं गाव पायी दोन दिवसांच्या वाटेवर होतं. थांब, बस तरी धर, असं म्हणायला आमच्यातल्या एकालाही तोंड नव्हतं.