ऐन वैशाखातला वायपर

अकरा वर्षं अमेरिकेत राहिलेला सोमेश वर्षातून वीस दिवस सोलापूरला यायचा आणि ते वीसही दिवस नाकानं कांदे सोलायचा. इथलं पाणी जड, इथली माणसं मोठ्यानं बोलतात, इथं कुणाला शिस्त नाही. बिरदेव ऐकून घ्यायचा. सोमेशच्या नावावरची गाडी वर्षभर तोच चालवायचा, सोमेशच्या वडिलांसाठी, गुरुबसप्पांसाठी. पंधरा वर्षांत कुणाच्या कोंबडीलाही त्याचा धक्का लागला नव्हता. त्याच जोरावर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कामगारांची बस त्याला मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. अट एकच: नावावर अपघात नको.

आणि बुधवारी भर दुपारी सोमेशला गाडी चालवायची हुक्की आली.

"साहेब, तुमचं हितलं लायसन संपलंय की," बिरदेव म्हणाला.

"मी तिकडे रोज शंभर मैल चालवतो. तू बस बाजूला."

बसला. पहिल्याच वळणावर सोमेशनं डाव्या हाताचा दांडा खाली ओढला आणि डांबर वितळवणाऱ्या उन्हात कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागले. त्यांच्याकडे बघण्याच्या नादात साहेबांनी गाडी विजेच्या खांबावर घातली. कुणाला लागलं नाही, गाडीचं तोंड तेवढं फुटलं. सोमेशनं घाबरून किल्ली काढली आणि खाली उतरून खांबालाच शिव्या दिल्या. नाचता येईना, अंगण वाकडं! बिरदेवचा हात सवयीनं वायपर बंद करायला गेला होता. तो त्यानं मागे घेतला.

गाडी ओढून घरी आणली. लायसन नसलेल्यानं गाडी ठोकली तर विमा मिळत नाही, हे अमेरिकेतल्या शहाण्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी त्यानं बिरदेवला बोलावून चॉकलेटचा डबा पुढे केला. डब्यावरची तारीख मार्चमध्येच संपली होती.

"विम्याच्या फॉर्मवर मी तुझं नाव टाकलंय. तूच चालवत होतास म्हणून सांग. तुला काय फरक पडतो? ड्रायव्हरच तर आहेस."

"माजी बस जाईल साहेब."

"दुसरी मिळेल."

"घरातलाच हाईस की रे, बिरदेवा," गुरुबसप्पा नजर चुकवत म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर घरातलाच म्हणायचं! बिरदेवला बापलेकांची किळस आली.

"त्या विम्याच्या मॅडम येऊ द्या," एवढंच तो म्हणाला. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेल्या ऋतुजा मॅडम आल्या. त्यांनी फॉर्म वाचला, गाडीभोवती फिरून फोटो काढले, मग आत बसून किल्ली फिरवली. खर्र, खर्र. वायपर सुरू.

"मे महिन्यात वायपर?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी बिरदेवकडे बघितलं. "यात इंडिकेटर कुठल्या हाताला हो?"

"उजव्या. झोपेत बी माजा हात उजवाच जातो, मॅडम."

सोमेशनं तोंड बंद ठेवलं असतं तर कदाचित निभावलंही असतं. पण इथल्या गोष्टींना नावं ठेवायची संधी त्यानं आयुष्यात कधी सोडली नव्हती.

"तोच तर मूर्खपणा आहे," तो म्हणाला. "अमेरिकेत इंडिकेटर डावीकडे असतो. इथलं सगळंच उलटं!"

मॅडमनी मान वर केली. "मग बुधवारी डावा हात कुणाचा गेला?"

मॅडम बिरदेवकडे वळल्या. "कोण चालवत होतं?"

"साहेब."

गुरुबसप्पा घरात निघून गेले. मॅडमनी फॉर्मवरच्या बिरदेवच्या नावावर आडवी रेघ मारली.

बिरदेवनं खिडकीतून हात घालून वायपर बंद केले आणि चॉकलेटचा डबा फुटक्या बॉनेटवर ठेवला.

"उजवा दांडा इंडिकेटरचा, साहेब," तो म्हणाला. "आन ही तुमीच खावा. आमी तारीख बघून खातो."