बाबांची जीभ

"बाबा, आपण टोप्या रंगवतो की कपाळं?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. 'हिंमत असेल तर गिऱ्हाइकांसमोर विचार' म्हणाल्या, आणि तोफेने विचारला. आवाजावरून पडलेलं हे नाव ती हल्ली मिरवायला लागली होती. काल शाळेच्या संघाच्या धावण्याच्या सरावात तिच्या मैत्रिणीला, लंबूला घाम फुटला आणि तिच्या नव्या लोकरी टोपीतून लाल ओघळ थेट नाकाच्या शेंड्यावर आला. संघाच्या उरलेल्या अकरा टोप्यांची लोकर आज रंगायची होती. शनिवारी शर्यत. अख्खा संघ टोमॅटो होऊन पळाला, तर तोफेला शाळेत तोंड दाखवायची सोय नव्हती.

दुकानातल्या दोन बायका फिसकन हसल्या. बाबा भडकले. "वीस वर्षं मंजिष्ठेच्या मुळांचा लाल काढतोय मी! घामच खारट असेल तिचा."

"सगळ्यांचाच असतो, बाबा."

ती त्यांच्यामागोमाग आतल्या खोलीत घुसली. चुलीवर तुरटीचं पातेलं होतं. लोकर आधी या पाण्यात उकळली नाही, तर रंग पाहुण्यासारखा येतो नि जातो. बाबा तुरटी कधी मोजत नसत. बोट बुडवायचं, चाटायचं, तोंड आक्रसलं की बस्स.

आज त्यांनी चिमूटभर टाकली, बोट चाटलं, "झालं!" म्हणाले आणि लवंग या गालातून त्या गालात ढकलली. सिगारेट सोडल्यापासून महिनाभर दिवसभर लवंगच चालू होती.

लवंग! तोफ नळाकडे धावली. वाटी घेऊन आली. "हे जरा चाखा ना."

बाबांनी डोळे मिटले. "वा! अगदी बेताची तुरटी."

दारातली आई हसता हसता भिंतीला टेकली. "अहो, नळाचं आहे ते!"

"लवंगेने तोंड आधीच आक्रसलंय तुमचं," तोफ म्हणाली. "साधं पाणीही तुरट लागणारच. म्हणून तर तुरटी कमी पडते नि रंग उतरतो."

बाबांचा चेहरा उतरला. "मग काय, परत सिगारेट ओढू?"

"खबरदार!" दोघी एकदम ओरडल्या.

तोफेने भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारलं. मागे आजोबांनी रंगवलेलं प्रमाण अजून ठसठशीत होतं: शंभर ग्रॅम लोकरीला पंधरा ग्रॅम तुरटी. मग तिने वजनकाटा आणून पातेल्याशेजारी दणकन ठेवला.

"दोघंही ऐका. बाबा, तुम्ही लवंगा चघळा, पोतंभर चघळा. आजपासून तुरटी मी तोलणार, रोज शाळेला जायच्या आधी. आणि पातेल्यात कुणी बोट बुडवलं, तर ते बोट मी लाल रंगवेन. तो रंग मात्र पक्का असेल!"