बारा पावलांचा पाट

मंजुषा रोज सकाळी साडेआठला ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची आणि मनातल्या मनात कालव्याचा पाट ओलांडायची. बाकीच्यांची निम्मी कामं उरकलेली आणि सून खुर्चीत डोळे मिटून, हे मखमलाबादच्या मळ्यात कुणाला पचणारं नव्हतं. सुनबाईनं माळबीळ घेतली की काय, असं येणारेजाणारे तिच्या सासूला, सखुबाईला विचारायचे. फिजिओवाल्या बाईनं सांगितलंय, नुसतं बसायचं, असं सखुबाई म्हणायची. त्या 'नुसतं'वर ती असा जोर द्यायची की विचारणारा पुढं काही बोलायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी गुलाबाची पाटी डोक्यावर घेऊन येताना मंजुषाचा डावा पाय पहिल्यांदा अडखळला. मग उजवाही ऐकेना. पुढं सपाट अंगणातही ती दारू प्यायल्यासारखी झुलायला लागली आणि लोकांनी तसं म्हणूनही घेतलं. लोकांना काय, बोलायला काहीतरी लागतंच. तपासण्या झाल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव निघालं, पण ते नाव घरात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. तिचा नवरा जीवन याला आजार कळला तो मोटरीच्या केबलवरून. उंदरानं वरचं आवरण कुरतडलं की आतली तार असूनही मोटर धड चालत नाही, तसं मेंदूपासून पायापर्यंतच्या तारांचं झालंय, असं तो सगळ्यांना समजावून सांगायचा. फक्त ही केबल बदलून मिळत नव्हती.

गुलाब पाटाच्या पलीकडं होते, दहा गुंठ्यांत. मंजुषानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माहेराहून कलमं आणून स्वतःच्या हातानं लावलेले. पलीकडं जायला गाडीरस्ता होता, पण दोन किलोमीटरचा वळसा. घरचे लोक जायचे ते पाटावर आडवे टाकलेल्या विजेच्या दोन जुन्या सिमेंटच्या खांबांवरून. खांब शेजारीशेजारी, मध्ये बोटभर फट, धरायला काही नाही. बारा पावलं. एकेकाळी मंजुषा डोक्यावर पाटी घेऊन त्यावरून दिवसाला आठ खेपा करायची आणि करताना तोडणीला येणाऱ्या धोंडाबाईशी भांडतही असायची.

आता धोंडाबाई एकटीच फुलं तोडायला यायची आणि तिच्यानं ते उरकत नव्हतं. गुलाबाला रोज पहाटे माणूस लागतो, एक दिवस चुकला की फूल गळालं. जीवननं ठरवलं, महाशिवरात्र झाली की गुलाब काढायचे आणि टोमॅटो लावायचे. मंजुषानं विचारलं, मी माझी मी पलीकडं आले तर?

जीवन टॉवेलनं हात पुसत होता. तो म्हणाला, "शिवरात्रीपर्यंत तुझ्या पायानं पलीकडं ये. एका झाडाला हात लावणार नाय."

नवऱ्याच्या बोलण्यावर एवढं विसंबायचं तिचं वय राहिलं नव्हतं. पण आजारी माणसाला धरायला काहीतरी लागतं, तिनं हा शब्द धरला.

इंदिरानगरच्या दवाखान्यात तृप्ती नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा तिचे व्यायाम घ्यायची. तिनंच हा मनातल्या चालण्याचा अभ्यास दिला होता. ओळखीची एखादी वाट निवडायची, खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि ती वाट पावलापावलानं चालायची. मंजुषानं शेतात जायची वाट सांगितली. खांबांचं तिनं गिळून टाकलं, कारण ते कळलं असतं तर तृप्तीनं वाट बदलायला लावली असती.

पहिल्या आठवड्यात तिला स्वतःची पाठच दिसायची. हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी, झपाझप चाललेली बाई. तृप्ती म्हणाली, असं लांबून बघायचं नाही, तो सिनेमा झाला. आतून चालायचं, आणि आजच्या पायांनी. ते फार अवघड निघालं. आजच्या पायांनी ती मनातसुद्धा तिसऱ्या पावलाला पडायची. खुर्चीत बसल्याबसल्या घाम फुटायचा, आणि सखुबाई म्हणायची, बसून बसून दमली बिचारी.

पण ही बाई चिवट. तिनं तळव्याखालची सिमेंटची खरखर आठवली, खांबाच्या मधोमध उघडी पडलेली लोखंडी सळई आठवली, साडेआठचं ऊन उजव्या गालावर कसं येतं ते आठवलं. खाली कोरडा पाट, दगडगोटे, कुणाची तरी निळी चप्पल. चौथ्या आठवड्यात ती पलीकडं पोचली. त्यानंतर रोज पोचू लागली, दिवसातून दहादहा वेळा, आणि पोचली की मनातल्या गुलाबांचा वास घ्यायची. दवाखान्यातही फरक दिसला. एका पायावर तीन सेकंद न टिकणारी मंजुषा अकरा सेकंद टिकली. जमिनीवर आखलेल्या पट्टीवरून काठीशिवाय गेली. तृप्तीनं टाळी दिली, आणि त्या दिवशी मंजुषा रिक्षात हसत बसली होती.

त्याच दिवशी तृप्तीनं तिला बजावलंही होतं. "डोळे मिटायचे ते फक्त खुर्चीत, मंजुषाताई. उभं असताना कधीच नाही. तुमच्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही. तुम्ही डोळ्यांवर उभ्या आहात."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मंजुषा उठली, आंघोळ केली आणि खुर्ची बाजूला सारली. जीवन आणि धोंडाबाई पलीकडं तोडणीला गेले होते. सखुबाई मागं भांडी घासत होती. मंजुषा काठी टेकत निघाली. कांदाचाळीला वळसा घालून पाटापर्यंत दीडशे पावलं, मध्ये दोनदा थांबली, पण पडली नाही. तिला वाटत होतं, जीवनला हाक मारायची नाही. त्यानं मान वर करावी आणि आपण झाडापाशी उभं असावं.

पाटाला पाणी होतं.

काठोकाठ नव्हतं, पण छातीएवढं असेल, गढूळ आणि पळतं. सहा आठवडे तिच्या मनात पाट कोरडा होता. वर्षानुवर्षं पाण्याच्या पाळीचा हिशेब याच बाईच्या तोंडपाठ असायचा. कुणाची मोटर कधी, कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं, शेजारीपाजारी तिलाच विचारायला यायचे. ती काठावर उभी राहिली. परत फिरावं असं तिच्या मनात आलं, आलंच. पण उद्या शिवरात्र होती. खांब तेच होते, पावलं तीच बारा होती, पाणी खालून जाणार, आपण वरून. तिनं काठी काठावर ठेवली, कारण खांबांच्या फटीत काठी अडकली असती. चपला काढल्या आणि पाऊल टाकलं.

सहा पावलं ती बरोबर गेली. हे सांगायलाच हवं, कारण पुढं कुणी ते सांगितलं नाही. सातव्याला तिनं सळई चुकवायला खाली पाहिलं आणि पाण्याबरोबर खांबही एका बाजूला पळायला लागले. ती मधोमध थांबली. पलीकडून धोंडाबाईनं पाहिलं आणि जीवनला हलवलं. जीवन धावत निघाला, ओरडला मात्र नाही, दचकेल म्हणून. मंजुषाला तो दिसला नाही. तिला फक्त कोरडा पाट हवा होता, दगडगोटे आणि निळी चप्पल, आणि तो कुठं असतो ते तिला पाठ होतं. तिनं डोळे मिटले.

पाट कोरडा झाला. क्षणभर सगळं जागच्या जागी आलं, गालावर ऊनही आलं. मग तळव्यांखाली काहीच उरलं नाही. पडताना कंबर खांबाच्या कडेवर आपटली, ती पाण्यात गेली आणि जीवननं उडी टाकून तिला वीस पावलांवर धरलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी बोलण्याइतकी शुद्ध आली तेव्हा मंजुषानं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. कधी सुटलं?

पहाटे, सखुबाई म्हणाली. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. जीवनच्या फोनवर आदल्या संध्याकाळीच निरोप आला होता. सखुबाईनं जेवताना तो ऐकला होता. धोंडाबाईनं तर उजाडताच पाटावर गोधडी धुतली होती. त्या रात्री मंजुषाचं ताट नेहमीसारखं आत, पलंगापाशी नेऊन दिलेलं होतं.

"मला कोणीच नाय सांगितलं," मंजुषा म्हणाली.

सखुबाई तिच्या पायावरची चादर सारखी करत होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "तुला कुठं जायचं होतं म्हणून सांगायचं, बाई?"

मंजुषानं जीवनकडं पाहिलं. त्याला तरी माहीत होतं तिला कुठं जायचं होतं. जीवन खिडकीकडं तोंड करून उभा होता.

"तू खरंच येशील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी आपलं बोललो होतो."

सहा आठवडे आपण जिथं जायला रोज निघत होतो तिथं आपली वाट बघणारं कुणी नव्हतंच, एवढं तिला कळलं.

चैत्रात गुलाब निघाले. झाडं उपटून बांधावर जाळली तेव्हा धूर घरापर्यंत आला आणि सखुबाईनं मंजुषाच्या खोलीची खिडकी लावून घेतली. तृप्ती एकदा घरी येऊन गेली. खांबांचं ऐकून ती चिडली, पण जाताना म्हणाली की पुन्हा सुरू करू, पलंगावर पडूनच, सोपी वाट घेऊ, दारापासून न्हाणीपर्यंत. मंजुषानं मान डोलावली. ती रोज डोळे मिटते. दारातून पहिलं पाऊल टाकते, आणि पुढं न्हाणी नसते, खांब असतात, आणि खाली पाणी पळत असतं. मग ती डोळे उघडून छताकडं बघत पडून राहते.

घरातली माणसं मात्र आता चुकत नाहीत. पाणी सुटायचा निरोप आला की जीवन फोन हातात घेऊनच तिच्या खोलीत येतो, पलंगाच्या कडेला बसतो आणि तिला तारीख सांगतो. मागोमाग सखुबाई येऊन सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईही दारातून डोकावून सांगून जाते की पाटाला पाणी आलंय.

मंजुषा प्रत्येकाला बरं म्हणते.