एस्कोचा जुना प्रोसेसर

"हा माझा जुना. हा तुझा नवा. आता सांग, फरक किती?"

एस्कोने दोन कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही प्रोसेसरची सगळी माहिती त्याने ठळक अक्षरांत हाताने उतरवून आणली होती.

"अखेर सुचलं म्हणायचं शहाणपण!" मी म्हणाले.

केमी गावात आमचं संगणकाचं दुकान एकच, त्यामुळे एस्कोला मी चांगली ओळखते. कागद कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. वस्तू मोडल्याशिवाय बदलायची नाही, हा त्याचा बाणा. तीन वर्षांपूर्वी मी त्याला हाच प्रोसेसर दाखवला, तेव्हा "माझा चालतोय ना? मग?" एवढं बोलून तो चालता झाला होता. आज स्वतःहून आला म्हटल्यावर मला कोण आवरणार?

"जुन्यात चार कोअर, नव्यात सोळा. म्हणजे चार कामगारांच्या जागी सोळा कामगार," मी सुरू झाले. "वेग दुप्पट. पण नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका हं, एस्को, लोक तिथेच फसतात. नव्यातला कामगार एका ठोक्याला जुन्याच्या तिप्पट काम उरकतो."

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझं ते गणित आहे ना, आउनेच्या दुखण्याचं. ह्याने ते किती दिवसांत केलं असतं?"

आउने त्याची बायको. तिला स्नायू झिजवणारा आजार होता. एक विद्यापीठ त्यावर संशोधन करत होतं, आणि त्यांच्या आकडेमोडीचे तुकडे हजारो लोकांच्या घरच्या संगणकांवर जाऊन सुटून परत यायचे. आजार कळला त्या आठवड्यापासून एस्कोचा संगणक रात्रंदिवस तेच करत होता. सहा वर्षं.

"सोप्पं आहे. कोअर चौपट, वेग दुप्पट, काम तिप्पट. झाले चोवीस पट! तुमची सहा वर्षं हा तीन महिन्यांत उडवेल," मी फुशारकीने सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर आणखी विचारलं, "आउने काय म्हणतेय?"

"जानेवारीत गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तीन वर्षांपूर्वी तू दाखवला होतास," तो म्हणाला. "तेव्हाच घेतला असता, तर..."

"नाही हो, एस्को! असे हजारो संगणक चालतात त्यात. तुमच्या एकट्याच्या असण्यानसण्याने काहीच फरक पडला नसता."

त्याने मान वर केली. "मग सहा वर्षं मी काय करत होतो, पाइवी?"

त्याचा संगणक उपयोगी होता म्हणावं, तर त्याच्या चिक्कूपणाने बायकोच्या औषधाला उशीर झाला. उपयोगी नव्हता म्हणावं, तर सहा वर्षं पाण्यात. दोन्ही बाजूंनी मीच त्याला कोंडला होता, आणि तेही त्याचं सांत्वन करायला जाऊन. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"नवा नको," शेवटी तोच म्हणाला. "एक ब्रश दे. पंख्यात धूळ साचलीय, फार तापतो."

"म्हणजे अजून चालूच आहे?"

"हातातला तुकडा शुक्रवारी संपेल. मुदत सोमवारची होती, हुकली. पण अर्धवट कसा टाकायचा?" त्याने टोपी हातात फिरवली. "चार दिवस उशीर चालेल ना गं त्यांना?"

मुदत टळली की तो तुकडा लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाला दिला जातो. एव्हाना तो सुटून विद्यापीठात परतही गेला असणार. हे मला पक्कं माहीत होतं.

ब्रश कागदात गुंडाळून मी त्याच्या हातात दिला.

"चालेल की," मी म्हणाले. "थांबतील ते."