गामेलीची रडकी भिंत

उजाडायच्या आत डोत्सेकोपेची निम्मी वस्ती प्रॉफेट गामेलीच्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसलेली असायची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला केटाचं खाजण, मध्ये चिंचोळी जमीन, आणि त्या जमिनीवरची सगळी भक्ती एका भिंतीपुढे गोळा झालेली. मासे वाळवणाऱ्या बायका घमेली घेऊन आलेल्या. कांद्याच्या मळ्यातले गडी झाऱ्या तिथेच टाकून आलेले. कस्टममधून निवृत्त झालेले एक साहेब इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचे. अडाणीच तेवढे फसले, असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून सांगितलं.

भिंत रडत होती. खरोखर रडत होती, त्यात लबाडी नव्हती. प्रार्थनागृहाशेजारी आजाऱ्यांसाठी नवं दालन बांधायला घेतलं होतं, त्याची ही समुद्राकडची भिंत. पक्कं छप्पर अजून चढायचं होतं, तूर्त खांबांवर झावळ्या टाकलेल्या. पहाटे सिमेंटच्या ब्लॉकांवर ओल फुटायची, थेंब धरायचे, ओघळ खाली यायचे. बोटाने टिपून जिभेवर ठेवलं तर खारट. म्हणजे अश्रूच की! उन्हं वर आली की ओल जायची आणि मागे पांढरी भुकटी राहायची. ती देवदूतांची विभूती म्हणून पुड्यांतून विकली जायची.

"पाप्यांनो!" गामेली माइकवरून ओरडायचा. पायघोळ पांढरा झगा, आणि अंधारातसुद्धा काळा गॉगल. "दगडाला पाझर फुटला, आणि तुमच्या खिशाला फुटत नाही? देव तुमच्यासाठी रडतोय, आणि तुम्ही जांभया देताय?"

"आमेन!" गर्दी म्हणायची आणि जांभई गिळायची.

कोरडे वारे सुटतात त्या महिन्यांत भिंत अजिबात रडली नव्हती. तेव्हा देव रुसला आहे, असं गामेलीने सांगून टाकलं. रडला तरी याचंच, रुसला तरी याचंच. असा देव सांभाळायला सोपा असतो.

भिंतीच्या पायथ्याशी आजाऱ्यांच्या चटया असत. पाठ भिंतीला टेकवून निजायचं, म्हणजे अश्रू अंगात मुरतात. त्यातल्या एका चटईवर लेबेने होती. आब्लाची एकुलती एक मुलगी, लहानपणापासून दम्याची. तिला भिंतीखाली निजवायला लागल्यापासून तिची घरघर दारापर्यंत ऐकू यायची.

आब्लाची धाकटी बहीण सेफाकोर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. त्या सकाळी ती शाळेत जाता जाता भाचीला बघायला आत शिरली आणि तिचं डोकंच फिरलं. लेबेने बसून श्वास घेत होती. तोंड उघडं, गळ्याची खळी आत ओढली जात होती. केसांत करडी भुकटी पडलेली.

"ताई, पोरीचा दम्याचा पंप कुठाय?"

"हळू बोल," आब्ला म्हणाली. "प्रॉफेटनी बंद करायला सांगितलाय. पंप म्हणजे संशय, म्हणाले. संशय छातीत भरला की अश्रू आत जात नाहीत."

"आणि हवा? हवा जातेय का आत? ओलीला पाठ लावून निजवतेस दमेकरी पोरीला? माझ्या पिशवीत पंप आहे, आधी तो दे तिला."

"अजिबात नाही. इतके दिवस सोसलंय तिने, आता बाटवू नकोस." आब्लाचा आवाज चिरकला. "डॉक्टर झाले, औषधं झाली, तुझं शिक्षण झालं. बरी झाली का ती? मोठी आलीये पुस्तकवाली. लिहिलंय का तुझ्या पुस्तकात, भिंत का रडते ते?"

"लिहिलंय."

"मग दाखव करून. दाखवलंस तर आत्ता उचलते पोरीला. नाहीतर यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

बहिणीला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी, हे सेफाकोरला कळेना. ती खाली बसून लेबेनेचे केस झटकू लागली. भुकटीतून एक बारीक चकाकता तुकडा तिच्या बोटाला टोचला. शिंपल्याचा होता. तिने भिंतीवर नख घासलं. ब्लॉकचा कोपरा शिळ्या भाकरीसारखा भुरभुरला, आणि आत आणखी शिंपले दिसले.

आता डोत्सेकोपेत किनाऱ्यावरची वाळू उचलायला बंदी होती. समुद्र दरवर्षी वस्तीचा एक घास घेतो, त्यात त्याला अडवणारी वाळू आपणच कशी काढायची, म्हणून गावप्रमुखांनी घंटा वाजवून ती बंदी जाहीर केलेली. गामेलीने तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की देवाच्या घराला व्होल्टा नदीची वाळू सोगाकोपेहून ट्रकने येते. ट्रक आलेही होते. सगळ्यांनी पाहिले होते. ते कुठे रिकामे झाले, हे मात्र कुणी पाहायला गेलं नाही.

सेफाकोरने शाळेच्या मागे दोन ब्लॉक पाडले. एकाला किनाऱ्यावरची मूठमूठ गोळा केलेली वाळू, दुसऱ्याला नदीची. साचा तोच, सिमेंट तेवढंच, पाणी विहिरीचं. दोन्हींवर ओली पोती टाकून रोज पाणी मारलं, मग उन्हात कडक वाळवले. ब्लॉक पक्के होईपर्यंत ती रोज सकाळी त्या दालनाच्या दाराशी जायची, पंप दाखवायची, आणि आब्ला रोज तोंड फिरवायची. त्या दिवसांत सेफाकोरला झोप कसली ती लागली नाही.

ब्लॉक ठेवायचे कुठे? शाळेत ठेवले असते तर गामेली म्हणाला असता, शाळेतही देव आहेच. म्हणून तिने ते ठेवले अनानीच्या दारूच्या गुत्त्यात, गावठी अक्पेतेशीच्या पिंपांशेजारच्या फळीवर.

"मॅडम, ही जागा पवित्र नाही हं," अनानी म्हणाला.

"म्हणूनच आले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना सुटली तेव्हा ती रस्त्यात उभी राहिली आणि बायकांना हाका मारू लागली. आब्लाचं मनगट तर तिने सोडलंच नाही. गुत्त्यात पाय टाकायला बायका आधी लाजल्या, मग अर्थातच सगळ्या आत घुसल्या.

फळीवरचा नदीच्या वाळूचा ब्लॉक कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्याला ओल सुटली होती आणि त्याच्या खालच्या कडेला थेंब लोंबत होते.

"आजवर माझ्या गुत्त्यात गिऱ्हाइकं रडली," अनानी म्हणाला. "ब्लॉक पहिल्यांदाच रडला."

हशा पिकला. तेवढ्यात झग्याचा घोळ सावरत गामेली आला. असल्या माणसांना बातमी वाऱ्याआधी लागते.

"पाहिलंत?" त्याने दोन्ही हात वर केले. "दारुड्यांच्या अड्ड्यातसुद्धा देव रडला! या अनानीच्या पापांसाठी रडला!"

"आमेन!" दोघीतिघींनी सुटकेचा श्वास टाकला. आब्लासुद्धा पुटपुटली.

"आणि शेजारचा?" सेफाकोरने विचारलं. "तो का कोरडा? त्याला दारू चालते वाटतं?"

पुन्हा हशा. गामेलीने गॉगल नाकावर वर ढकलला.

"अकोसिवा आजी," सेफाकोर गर्दीतल्या एका म्हातारीकडे वळली. ही म्हातारी जन्मभर खाजणातलं मीठ खरवडून विकत आलेली. "आजी, पावसाळी हवेत तुझ्या मिठाच्या पोत्यांना काय होतं?"

"काय व्हायचंय? पाणी सुटतं. खाली भांडं ठेवावं लागतं."

"पोती कुणासाठी रडतात, आजी?"

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मीठ! जन्म गेला माझा मिठात, आणि मी त्याचे अश्रू बाटलीत भरून नेले!"

"समुद्राची वाळू खारी असते," सेफाकोर म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखाच, फक्त आज त्यात राग होता. "न धुता ब्लॉकमध्ये घातली, की मीठही आत जातं. रात्रीच्या दमट हवेतलं पाणी ते मीठ ओढून घेतं, म्हणून पहाटे भिंत ओली. ऊन पडलं की पाणी उडतं आणि मीठ वर येतं, तीच यांची विभूती. हवा कोरडी असली की ओढायला पाणीच नसतं, म्हणून तेव्हा देव रुसला. याला लोणा म्हणतात, ताई. चमत्कार म्हणत नाहीत."

"असेल मीठ!" गामेली गरजला. "मीठही देवानेच केलंय! भिंत तर उभी आहे ना?"

"ते बघू या."

सेफाकोरने कोरडा ब्लॉक उचलून कमरेच्या उंचीवरून गुत्त्याच्या फरशीवर टाकला. धप्प आवाज झाला, एक टवका उडाला, ब्लॉक शाबूत. मग तिने रडका टाकला. त्याचा चुरा झाला आणि फरशीभर वाळू पसरली.

"नदीच्या वाळूत जाडे-बारीक, कोपरे असलेले कण असतात. ते एकमेकांत अडकून बसतात, सिमेंटला धरायला जागा मिळते. इथल्या किनाऱ्यावरचे कण लाटांनी घासून गुळगुळीत झालेत, सगळे एका मापाचे. गोट्या रचून भिंत होते का? आणि आतलं मीठ रोज भिजतं, रोज फुलतं, रोज ब्लॉक आतून फोडतं. ती भिंत रडत नाहीये, कुजतेय. आणि तिच्याखाली आपण पोरं निजवलीत."

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!" गामेली किंचाळला. "हिच्या शाळेवर वीज पडेल! आणि माझ्या भिंतीला नदीचीच वाळू आहे. ट्रक तुम्ही पाहिलेत!"

"पाहिले ना. म्हणूनच विचारते, प्रॉफेट, तुमच्या नव्या राहत्या घराची भिंत का रडत नाही? तिथेही प्रार्थना करताच की. तुमच्या बिछान्याजवळ देव हसतमुख, आणि आमच्या पोरांजवळ तेवढा रडका?"

कुणीच हसलं नाही. सोगाकोपेचे ट्रक कुठे रिकामे झाले, हे प्रत्येकीच्या डोक्यात एकदमच उजाडलं. कस्टमवाले साहेब दारातल्या दारात मागे सरकले आणि घरी निघून गेले.

मग अकोसिवा आजी बोलली, खालच्या आवाजात, पण रागाने.

"नोत्सीच्या राजाने आपल्या पूर्वजांना शहराच्या भिंतीआड कोंडलं होतं. आपण सुटलो कसे? बायकांनी धुण्याचं पाणी रोज एकाच जागी भिंतीवर मारलं. भिंत भिजली, मऊ झाली, आणि एका धक्क्यात पडली. दरवर्षी सणाला आपण नाचून हीच गोष्ट सांगतो. मी स्वतः नाचते! आणि भिजलेल्या भिंतीचं काय होतं, हे आपण एव्हे लोकांनीच विसरावं?"

आब्ला तिचं ऐकायला थांबलीच नाही. ती धावत सुटली होती.

तिच्या मागे सगळ्या बायका धावल्या. त्यांच्या मागे गामेली, झगा गुडघ्यापर्यंत धरून. आब्लाने लेबेनेला चटईसकट उचललं आणि माडाखाली आणलं. सेफाकोरने पंप पोरीच्या ओठांना लावला आणि दाबला, थांबून पुन्हा दाबला. पोरीच्या मानेच्या शिरा हळूहळू सैल झाल्या. तोवर बाकीच्यांनी आपापली माणसं बाहेर काढली.

"मूर्खांनो, परत ठेवा!" गामेली ओरडत होता. "भिंतीला काही होत नाही!"

"होत नाही ना?" आब्ला उठली. बहिणीपेक्षा तिचा आवाज थंड होता. "मग ही घ्या माझ्या पोरीची चटई. तिथे पाठ टेकून बसा. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसा, मी पोरीला परत आणते."

गामेलीने भिंतीकडे पाहिलं. चटईकडे पाहिलं. "मी... मी बाहेरूनच प्रार्थना करतो," तो म्हणाला आणि तसूभरही पुढे सरकला नाही. त्या क्षणी त्याचा झगा, गॉगल, माइक, सगळंच उतरलं.

बायकांनी होडी ढकलायचे वासे आणले. आतला माणूस न् माणूस बाहेर आहे ना, हे आजीने स्वतः फिरून पाहिलं. वासे लांब होते, त्या लांबच उभ्या राहिल्या आणि एका दमात रेटा दिला. दुसरा द्यावा लागला नाही. भिंत मधोमध वाकली आणि आडवी झाली, नेमकी चटया असायच्या त्या जागेवर. धुरळा बसल्यावर तिथे ब्लॉक म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. समुद्राची वाळू होती, शिंपले होते आणि मीठ होतं.

आब्ला मुलीला छातीशी धरून त्या ढिगाकडे बघत राहिली आणि मोठ्याने रडू लागली. लेबेनेने तिच्या गालावर हात फिरवला आणि विचारलं, "आई, आता तुला काय झालं?"

गामेली त्याच दुपारी बोचकं बांधून निघून गेला. तो उद्या दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या भिंतीपुढे उभा राहील, आणि तिथेही लोक जमतील. तेव्हा ज्यांना हे कळलंय त्यांनी एवढंच करावं. भिंत रडायला लागली की हात जोडू नका. आधी पोरं बाजूला काढा, आणि मग विचारा, वाळू कुठली?