परातीतल्या समुद्रावरचं जहाज

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची वाटी आहे. पण वैजनाथ सर वारले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी एक अमेरिकन युद्धनौका होते.

त्या दिवशी सरांनी परात पाण्यानं काठोकाठ भरली.

“अहो, आठवड्यानं नळ आला आणि तुम्ही त्याचा समुद्र करता?” सरांच्या पत्नी करुणाताई आतून ओरडल्या.

“झाडांना घालतो नंतर. कप्तान खोळंबलाय!”

कप्तान म्हणजे एक लवंग. कणकेच्या गोळीत रोवून सर तिला माझ्यात उभी करत.

मला शहागंजच्या बाजारात घडवलं. सुरुवातीला माझ्यात आमटीच वाढत. पुढं सरांनी लेकीला, प्रमोदिनीला, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याची गोष्ट सांगायला मला पाण्यात सोडलं. तो पोरवयात जहाजावर चढला. वादळात त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली. त्यानं अनोळखी किनाऱ्यांचे नकाशे काढले. यादवी युद्धात जळत्या जहाजावरून तो सगळ्यांत शेवटी उतरला आणि म्हातारपणी ताफ्याचा प्रमुख झाला. दर वेळी सर मांडीवर थाप मारत, “शाब्बास रे पठ्ठ्या!”

हेलकावे मी खायचे, तोफा म्हणून पळीचा मारा मी सोसायचा, पोचे मला पडायचे, आणि शाब्बासकी लवंगेला! माझा नुसता जळफळाट व्हायचा. प्रमोदिनीही लवंगेकडं माझ्यासारखीच बघायची. ती शाळेत पहिली आली तेव्हा सर म्हणाले होते, “छान. आता पुढचा अभ्यास.”

त्या संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. आता चाळिशीची.

“बाबा, बँकेनं मला नाशिकच्या शाखेची प्रमुख केलंय.”

“अरे वा! आपल्या कप्तानालाही याच वयात पहिलं जहाज मिळालं. बस, दाखवतो.”

“हो का,” ती म्हणाली आणि बसली. पेढ्यांचा पुडा तिनं उघडलाच नाही.

पहाटे सर झोपेतच गेले.

नंतर मी मोरीत काळी पडत राहिले. एके दुपारी करुणाताई प्रमोदिनीला म्हणाल्या, “पार चेपलीय गं ती. मोडीत देऊन टाक.”

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवा नाहीतर द्या, पण त्याआधी एकदा हातात घेऊन बघा. प्रमोदिनीनं मला घेतलं, चिंच लावली आणि घासू लागली. काठाच्या पोच्यावर तिचा अंगठा थांबला.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “त्या मेल्या कप्तानाचा मला फार हेवा वाटायचा. एकदा मलाही म्हणायचं होतं ना, शाब्बास.”